आबांच्या हातची गाडी

गाडी कुणाचीही असो, बॉनेट उघडल्यावर आबा आधी आत डोकवायचे नाहीत. इंजिनात हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी उजव्या हाताचा तळवा धरायचे आणि गाडीवाल्याला म्हणायचे, "द्या रेस." इंजिन गुरगुरलं की तळव्याला आतून ओढ बसायची. डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे ते क्षणभर उभे राहायचे. मग ठरलेलं वाक्य यायचं.

"ताकद तिच्यात लई हाय. तुमी तिचं नाक दाबलंय."

हे 'तुमी' म्हणजे कोण, ते गाडीवाल्याला कधीच कळायचं नाही. त्यानं बिचाऱ्यानं कशालाच हात लावलेला नसायचा. तरी तो ओशाळायचा आणि काही न बोलता किल्ली आबांच्या हातात द्यायचा.

आबांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. मुळशीत दर दुसऱ्या घरात एक आबा असतो. त्यातले हे कोणते, हे ज्यांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत त्यांना आपोआप कळेल. ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांनी नुसतं ऐकावं.

मी परभणीकडचा. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा जवळच्या चांदे गावात खोली घेतली, ती आबांची. चार भावांनी मिळून जमीन बिल्डरला दिली, वाट्याला आलेल्या पैशांत आबांनी बारा खोल्या बांधल्या आणि त्या आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी भरल्या. बाकीच्या भावांनी गाड्या घेतल्या. आबांनी खोल्यांच्या मागं पत्र्याची शेड घातली आणि लोकांच्या गाड्या आत घेतल्या. तीस वर्षं त्यांनी उरवड्याच्या एका पंपाच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. पंप पाणी ओढतो आणि इंजिन हवा ओढतं, एवढाच काय तो फरक, असं त्यांचं शास्त्र होतं. "ओढणाऱ्याची वाट मोकळी पायजे, बास," म्हणायचे.

माझ्याकडं एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी होती. पिरंगुटच्या घाटात ती दुसऱ्या गिअरवर अशी कण्हायची की मागचे ट्रकवाले दयेनं हॉर्न वाजवायचे थांबायचे. मी कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करतो, त्यामुळं गाडीचा दोष आपण शोधू अशी मला खात्री होती. चार रात्री व्हिडिओ बघितले आणि ऑनलाइन एक लालभडक फिल्टर मागवला. शंकूसारखा, उघडा, चकचकीत. खोकं घेऊन मी ऐटीत शेडमध्ये गेलो.

आबांनी फिल्टर हातात घेऊन उलटासुलटा केला. "दिसायला झ्याक हाय. देवघरात ठेवा."

"आबा, यानं पॉवर वाढते."

"आवाज वाढतो. तुमाला आवाज पायजे का दम पायजे, ते आधी ठरवा पाव्हणं." मी सहा वर्षं त्यांच्या खोलीत राहिलो, पण शेवटपर्यंत पाव्हणाच राहिलो.

मी हट्ट सोडला नाही. तेव्हा त्यांनी कोपऱ्यातून एक फळी काढली. फळीवर दवाखान्यातली सलाइनची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकलेली होती आणि तिच्यात लाल रंगाचं पाणी होतं. गवंडी लोक लेव्हल बघायला पाण्याची नळी वापरतात, त्यातलाच प्रकार. नळीचं एक टोक त्यांनी गाडीच्या फिल्टरच्या डब्यात खोचलं, दुसरं उघडं ठेवलं आणि फळी माझ्या मांडीवर दिली. "मी चालवतो. घाटात पाणी किती सरकतंय ते तुमी बघा. बाहेर बघायचं न्हाई."

असे आम्ही पिरंगुटच्या घाटात निघालो. बॉनेटच्या फटीतून आलेली नळी काचेवरून, खिडकीतून माझ्या मांडीवर. वळणावर ट्रॅफिकच्या हवालदारानं हात दाखवला. खिडकीशी वाकून त्यानं माझ्याकडं, नळीकडं, लाल पाण्याकडं पाहिलं.

"पेशंट कुठंय?"

"म्होरं हाय," आबा म्हणाले. "बॉनेटखाली. दमा हाय तिला."

हवालदारानं आम्हाला जाऊ दिलं. कायद्यात बसेल असं कुठलंही कलम त्याला आठवलं नसावं.

दोन फेऱ्या झाल्या. नळीचं टोक फिल्टरच्या पलीकडं, इंजिनाच्या बाजूला ठेवलं तेव्हा पाणी चार बोटं सरकलं. तेच टोक फिल्टरच्या अलीकडं, म्हणजे हवेनं फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी ठेवलं, तेव्हा तीन बोटं. आबांनी गाडी बाजूला घेतली आणि शाळेतल्या मास्तरांसारखे माझ्याकडं वळले.

"सांगा आता. फिल्टर किती अडवतो?"

"एक बोट."

"आन् तीन बोटं कोण अडवतंय?"

अडवत होतं ते गाडीचं पुढचं नाक, फिल्टरकडं हवा नेणारी ती चिंचोळी, मुरडलेली प्लॅस्टिकची नळी. माझा लालभडक फिल्टर जिथं दुखत नव्हतं तिथला उपाय होता. कंपनीत मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतो, हे त्या क्षणी मला फार खटकलं.

नवं नाक त्यांनी शेडमध्येच बनवलं. आधी कच्च्यात. शेतातला पाइप जाळावर मऊ केला आणि पितळी तांब्याच्या गळ्यावर दाबून त्याचं तोंड सनईसारखं फुलवलं. धारेला हवा अडखळते, गोलाईवरून घसरते, हे त्यांनी मला तोंडाजवळ लोकरीचा धागा धरून दाखवलं. गाडीच्या जुन्या तोंडाशी धागा वेडावाकडा फडफडत होता. नव्या तोंडाशी तो सरळ आत ताणला गेला. मग तेच नाक त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पक्कं केलं. त्यात तीन दिवस गेले. घाई केली की "भात का शिजवतोय मी?" असं विचारायचे.

शेवटी नाकाचं तोंड कुठं ठेवायचं, हा प्रश्न आला. सगळ्या व्हिडिओंत ते खाली, बंपरच्या मागं असतं, कारण खाली गार हवा असते आणि गार हवेत इंजिनाला जास्त दम मिळतो. मी तसं म्हणालो. आबांनी मान हलवली.

"खाली गार हवा असती, कबूल. पण आपल्याकडं खाली पाणी बी असतंय. ज्यानं चित्र काढलं त्यानं ताम्हिणीचा पाऊस बघितला न्हाई." त्यांनी तोंड वर घेतलं, पुढच्या काचेच्या बुडाशी, बॉनेटच्या मागच्या कडेला. तिथंही बाहेरचीच ताजी हवा मिळते आणि तिथवर पाणी आलं तर गाडीपेक्षा माणसाची काळजी करायची वेळ आलेली असते.

मग मिशीवर उलटी मूठ फिरवत ते म्हणाले, "आजवर माझ्या हातच्या एका गाडीनं पाणी प्यालेलं दाखवा. मिशी उतरवीन."

हे ते सगळ्यांना सांगायचे. आणि मिशी तशी उतरवायला जीवावर यावं अशीच होती. पांढरीशुभ्र, जाड, टोकं किंचित वर. सकाळी गाडीच्या आरशात बघून ती नीट करायचे. मग तो आरसा कुणाच्या गाडीचा आहे हे बघायचे नाहीत.

माझी गाडी त्या रविवारी पिरंगुटचा घाट तिसऱ्या गिअरवर चढली. राक्षसी ताकद वगैरे काही आली नव्हती. ती फक्त कण्हायची थांबली होती. पाय दाबला की लगेच उत्तर द्यायची. ऑफिसात मी आठ दिवस दुसरं काही बोललो नाही. लोक मला बघून लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागले.

आता अश्विनीबद्दल सांगायला हवं, कारण आबा खरे कळले ते तिच्यामुळं. अश्विनी त्यांची एकुलती एक लेक. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. दोन वर्षं एका कारखान्यात तपासणीचं काम करून कंटाळली आणि नांद्याच्या रस्त्याला तिनं स्वतःचं गॅरेज टाकलं. भाऊबंदांनी आबांना समजावून पाहिलं. आबांनी त्यांना चहा पाजला आणि दुकानाच्या पाटीला खिळे ठोकायला गेले.

पहिले सहा महिने लोक आत येऊन तिला विचारायचे, "मेकॅनिक कुठंय?"

"समोर हाय," ती म्हणायची.

लोक हसायचे, आणखी एकदा आत डोकवायचे. काही तसेच परत जायचे. जे थांबायचे त्यांच्या गाड्या ती नीट करायची. हळूहळू एकाचे दोन झाले. पण गावाचा एक डोळा कायम तिच्यावर होता. पोरीची एक चूक व्हायचीच काय ती खोटी होती.

बापलेकीचं भांडण व्हायचं ते नाकावरून. अश्विनी खोक्यात येणारं तयार सामान बसवायची. हिंजवडीच्या पोरांना तेच हवं असायचं, लगेच आणि चकचकीत. त्यातल्या एका प्रकारात तोंड खाली होतं, बंपरच्या मागं, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. एकदा मी तिथंच असताना दोघांची जुंपली.

"अशे, हे हितं चालायचं न्हाई."

"आबा, खोक्यावर चित्र हाय. बनवणाऱ्यानं इचार करूनच दिलंय न्हवं?"

"त्यानं त्याच्या गावचा इचार केलाय."

"तुमचं सगळं हातानं, तीन-तीन दिवस. माझ्याकडं माणूस तीन तास थांबत न्हाई." आणि आबा पौडला कुणाच्या तरी लग्नाला गेले, त्या दिवशी तिनं ते नाक एका मोठ्या काळ्या गाडीला बसवलं. माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं. गाडी शेजारच्या गावातल्या एका तरुणाची होती. जमिनींचे व्यवहार करायचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे.

त्या वर्षी आषाढात शेठ मित्रांना घेऊन ताम्हिणीकडं गेला. रस्त्यावरून ओढा वाहत होता. शहाणा माणूस थांबतो. शेठनं मित्राला खाली उतरवून मोबाइल धरायला लावला आणि दोन्ही बाजूंना पाणी उडवत गाडी आत घातली. मधोमध गाडी बंद पडली. त्यावर कडी म्हणून त्यानं चार वेळा स्टार्टर मारला. इंजिन हवा दाबू शकतं, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी गेलं की पिस्टनचा पोलादी दांडा वाकतो, आणि प्रत्येक स्टार्टरला तो आणखी वाकतो.

सोमवारी सकाळी गाडी दोरीनं ओढून अश्विनीच्या दारात आणली. आबांना फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. "पाव्हणं, गाडी काढा," एवढंच म्हणाले.

दारात पंधरा-वीस माणसं होती. अश्विनी पांढरीफटक पडून उभी होती, हातातलं फडकं पिळत. शेठचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "पोरीच्या हातात गाडी दिली, हीच माझी चुकी! आजच्या आज सगळ्यांना सांगतो, हितं कुणी पाय ठेवू नका. दुकान न्हाई बंद केलं तर बघा!" तो नुसता ओरडत नव्हता. त्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसांकडं पाहून मला कळलं की दुकान खरंच बंद होईल. त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या तिच्याकडं येत होत्या आणि ती माणसं मान डोलवत होती.

आबा गर्दीतून पुढं गेले. चाकाशी गुडघ्यावर बसले, हात आत घातला आणि फिल्टर उपसून काढला. मुठीत दाबला. गढूळ पाणी त्यांच्या मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत गेलं. बराच वेळ ते त्या पाण्याकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"हे फिटिंग मी केलंय."

शेठ थबकला. "तुमी? आबा, तुमीच तर सगळ्यांला सांगता, तोंड खाली नगं म्हणून."

"सांगतो खरं. त्या दिशी डोकं फिरलं. पोरगी नगं नगं म्हणत हुती, मी ऐकलं न्हाई." त्यांनी फिल्टर बाजूला ठेवला. "वय झालं शेठ. इंजिन मी बांधून देतो. पोरीला बोलू नगंस."

अश्विनीचं तोंड उघडलं. आबांनी तिच्याकडं असं पाहिलं की ते मिटलं. मला सगळं माहीत होतं आणि मीही मिटलंच. आमच्या भागात तरुण पोरीवर कुणीही आवाज चढवतो, पण सत्तरीच्या माणसानं चार लोकांत चूक कबूल केल्यावर त्याच्यावर कुणाचा आवाज चढत नाही. शेठ दोन मिनिटं घुटमळला. "बरं, लवकर द्या," म्हणाला आणि गेला. गर्दी पांगली. आत जाऊन अश्विनी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मंगळवारी सकाळी मी दात घासत दारात उभा होतो, तर समोरून एक अनोळखी म्हातारा येताना दिसला. ओळख पटायला वेळ लागला. आबांनी मिशी उतरवली होती.

वरचा ओठ गोरा, कोवळा, जन्मात ऊन न बघितलेला. त्या ओठामुळं सगळा चेहराच उघडा पडल्यासारखा दिसत होता. आमच्याकडं माणूस मिशी काढतो ते घरात कुणी गेल्यावर. शेजारच्या म्हातारीनं डोक्यावर पदर घेऊन हळूच विचारलं, "आबा, कोण गेलं वं?"

"कोण न्हाई," आबा म्हणाले. "शब्द दिला हुता."

मला राग आवरेना. शेडमध्ये त्यांना गाठून मी म्हणालो, "आबा, तुम्ही पौडला होतात त्या दिवशी. मी होतो दुकानात. खोटं बोललात ते बोललात, मिशी कशाला काढायची?"

"गाव इसरत न्हाई पाव्हणं. आज न्हाई तर उद्या कुणीतरी म्हणलं असतं, आबाच्या हातची गाडी पाणी प्याली, मग मिशी कशी ऱ्हायली? लबाडी दिसली असती. मग पुन्हा पोरीवर आलं असतं."

"पण इतक्या वर्षांचं तुमचं नाव—"

"माझं नाव जुनं हाय. जुन्या गाडीला एक पोचा पडला तर कुणी बघत न्हाई. तिची गाडी आत्ता शोरूमातनं निघालीया."

ते पुढं म्हणाले, "तुमी बी बोलायचं न्हाई. तिच्याकडनं शब्द घेतलाय, मी हाय तवर न्हाई आन् गेल्यावर बी न्हाई. तुमी बी द्या." मी दिला. हे लिहून तो मोडतो आहे असं समजू नका. त्याच्या आधीच तो मोडला गेला, ते पुढं येईल.

अश्विनी बापाशी तीन आठवडे बोलली नाही. लोकांना वाटलं, बापाच्या चुकीनं दुकानाला बट्टा लागला म्हणून रागावली असेल. मला ती एकदाच म्हणाली, "त्यांनी माझी चूक बी माझी ठेवली न्हाई." मला आधी समजलं नाही. नंतर समजलं आणि मग बरेच दिवस डोक्यातून जाईना.

पण ती रागावून बसली नाही, हे सांगायला हवं. तिनं ते खालचं नाक बसवलेली प्रत्येक गाडी परत बोलावली. अकरा गाड्या. एकेकाचं तोंड वर घेतलं. सलाइनची फळी शेडमधून स्वतः उचलून नेली आणि घाटात फेऱ्या मारल्या. पाइप जाळावर धरून तोंड फुलवताना पहिले चार जाळले. आबा स्टुलावर बसून बघायचे, हात लावायचे नाहीत. पाचवं तोंड तिनं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी खिशातून लोकरीचा धागा काढला, तोंडाशी धरला, रेस द्यायला सांगितली. धागा सरळ आत ताणला गेला.

"अशे," आबा म्हणाले, "हे माझ्यापरीस बरं झालंय." तीन आठवड्यांनी ती त्यांच्याशी बोलली ती तेव्हा. म्हणाली, "तुमाला चष्म्याचा नंबर बदलायला पायजे." मग दोघंही हसले, आणि मी तिथं उगाच उभा आहे असं वाटून चहा आणायला गेलो.

शेठची गाडी आबांनी बांधून दिली. ती आजही सुरेख चालते. पण गाव ते गावच. चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, "आबांचा हात गेला आता. पोरगी हुशार, तिनं सांभाळून घेतलं." शेडमध्ये गाड्या यायच्या बंद झाल्या. लोक अश्विनीकडं जायला लागले आणि जाताना आबांकडं बघून जरा कीव आल्यासारखे हसायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, "आबा, गाड्यांना हात लावत न्हाई न्हवं आता?"

"न्हाई बाबा," आबा म्हणाले. "हाताचा भरवसा न्हाई."

हे सगळं बोलणं त्यांनी पावणेतीन वर्षं अंगावर घेतलं. एकदा मी म्हटलं, निदान मिशी तरी वाढवा. तर म्हणाले, "परत वाढवायची हुती तर उतरवली कशाला?" शेवटपर्यंत त्यांनी ती वाढवली नाही. मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत, कंपनीत तर महिन्याला एक येऊन भाषण देऊन जातो. पण कुणाच्या शेजारी नुसतं उभं राहताना माझी मान ताठ झाली असेल, तर ती या माणसाच्या.

गेल्या फाल्गुनात आबा गेले. सकाळी चहा घेतला, शेडचं दार उघडायला गेले आणि दारातच बसले. मी ऑफिसात होतो. आलो तेव्हा खोल्यांपुढं चपलांचा खच पडला होता.

दहावा मुळा नदीकाठच्या घाटावर झाला. इकडच्या दहाव्याला काय असतं ते ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. आधी प्रवचन, मग माइकवर श्रद्धांजल्या, आणि त्या पिंडाला कावळा शिवून गेल्यावरही संपत नाहीत. सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, सगळे एकेक करून उठतात. या वेळी कावळ्यानं वेळ लावला नाही. पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच आला. "कसली इच्छा ऱ्हायली न्हवती म्हाताऱ्याची," कुणीतरी म्हणालं.

श्रद्धांजल्यांत सगळे आबांना भला माणूस म्हणाले. कुशल कारागीर म्हणाले आणि त्यापुढं प्रत्येकानं जरा सांभाळून घेतलं. "उतारवयात चूक कुणाच्या हातनं होत न्हाई?" असं एक जण म्हणाला. "पण त्यांनी ती मोठ्या मनानं कबूल केली," असं दुसरा म्हणाला. मी वाळूत बोटानं रेघोट्या ओढत होतो. निवेदकानं शेठचं नाव पुकारलं. पांढऱ्या कपड्यातला शेठ हातात कागद घेऊन उठला.

त्याच्याआधी बायकांतून अश्विनी उठली होती. इकडं दहाव्याला बायका माइकवर बोलत नाहीत. ती सरळ चालत आली आणि निवेदकाच्या हातातून माइक घेतला. तो बिचारा देऊन बसला.

"शेठच्या गाडीचं फिटिंग मी केलं हुतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण माइक होता. "आबा त्या दिशी पौडला लग्नाला हुते. तितं त्यांना बघितलेली माणसं हितं बसली हायेत. आबा मला नगं म्हणत हुते, मी ऐकलं न्हाई. चूक माझी. त्यांच्या हातच्या एकाबी गाडीनं कधी पाणी प्यालं न्हाई. पावणेतीन वर्षं तुमी त्यांना जे बोललात ते मला बोलायचं हुतं. त्यांनी माझ्याकडनं शब्द घेतला हुता, तो मी मोडतीया." ती थांबली. "दुकान उद्यापासून चालू हाय. ज्याला यायचं त्यानं या. ज्याला न्हाई यायचं त्यानं येऊ नका."

घाटावर तीन-चारशे माणसं होती. आबांनी स्वतःचं नाव मोडून तिच्या दुकानाला दिलेलं नाव तिनं त्या चार मिनिटांत पुन्हा पणाला लावलं होतं. माझे डोळे भरून आले होते, आणि ते मी लपवलंही नाही.

शेठ कागद हातात धरून तसाच उभा होता. अश्विनीनं माइक त्याच्यापुढं केला. त्यानं तो घेतला नाही. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"मला काय बोलायचं ऱ्हायलं न्हाई," तो तिला म्हणाला. पुढं बसलेल्यांनाच ऐकू गेलं, मी पुढं होतो. "गाडी सर्व्हिसिंगला आलीया. उद्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो."

"पाठवू नका," अश्विनी म्हणाली. "स्वतः घेऊन या."

तो आला. दुसऱ्या दिवशी साडेनऊला, एकटा, स्वतः चालवत. ऑफिसला जाताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो होतो म्हणून सांगतो. अश्विनीनं बॉनेट उघडलं, नळीच्या तोंडाशी तळवा धरला आणि त्याला रेस द्यायला सांगितली.

आबा असते तर शब्द मोडला म्हणून आठ दिवस तिच्याशी बोलले नसते. आणि त्या आठ दिवसांत, चांद्यापासून पौडपर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगत फिरले असते, की पोरगी माझी हाय.